बायपास मी मागितला होता

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ओफोसुक्रोमचा बायपास मी मागितला आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. नाही म्हणजे नाही. गावात कोणी म्हणतं, टीचरला गाड्यांचा आवाज सोसेना. कोणी म्हणतं, पेन्शनीत गेल्यावर टीचरचा वेळ जाईना. आमच्या शेजारचे बादू रेल्वेत तिकीट तपासनीस होते आणि अजूनही समोरच्याकडे तो बिनतिकिटाचा असल्यासारखंच बघतात. ते तर सांगत फिरतात की टीचरला चौकात पुतळा हवा होता. सगळं धादांत खोटं आहे. कारण एकच, माझं फाटक.

माझं घर अक्रा-कुमासी रस्त्याला चिकटून आहे. घराला फाटक, फाटकाच्या आत माझी जुनी डॅटसन गाडी आणि फाटकाच्या बाहेर सगळा घाना उभा. बसगाड्या, बारा माणसांच्या जागेत बावीस कोंबलेल्या ट्रोट्रो व्हॅन, कोकोची पोती भरलेले ट्रक, लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक, आणि ट्रकाच्या टपावर बसून माझ्या न्हाणीत डोकावणारी माणसं. आमचं गाव पायी पार करायला पंधरा मिनिटं लागतात, गाडीने कमीत कमी तासभर. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. भूगोलाच्या माणसाला असले आकडे सहन होत नाहीत.

तर त्या रविवारी मी चर्चच्या सुगीच्या सोहळ्याचा अध्यक्ष होतो. ज्याला कोणी कधी खुर्ची दिली नाही त्याला अध्यक्षपद म्हणजे काय ते कळायचं नाही. आमच्याकडे बारसं असो, दिवसकार्य असो, शाळेला नवी घंटा बसवायची असो, अध्यक्षाशिवाय पान हलत नाही. मी आठ वाजता केंटेचं मानाचं वस्त्र पांघरलं, डॅटसन सुरू केली, फाटक उघडलं. समोर ओंडक्यांचा ट्रक. ड्रायव्हरचा पत्ता नाही. आमच्याकडे मयतं शनिवारी असतात, त्यांना गेलेली माणसं रविवारी परत अक्र्याला निघतात, त्यामुळे मागेपुढे मुंगीला जागा नाही. मी हॉर्न वाजवला. मग उतरून ट्रकावर हात आपटले. अकरा वाजता तो ड्रायव्हर मला दिसला. पाव विकत घेत होता. कोणाकडून? माझ्या बायकोकडून!

"डॉर्कस! त्याला गाडी हलवायला सांग!" मी ओरडलो.

"सांगते हो," ती म्हणाली. "आधी त्याला मोड तर देऊ दे."

तोवर तिकडे माझ्या खुर्चीत औषधांचा दुकानवाला ओडुरो बसला होता. त्याने भाषणही केलं. वाईट केलं असतं तर मी विसरून गेलो असतो.

"चालत का नाही गेलात?" बादूंनी कुंपणावरून विचारलं. "चर्च चारशे पावलांवर आहे."

"अध्यक्ष चालत जात नाही, बादू."

"मग काय करतो?"

"अध्यक्षाचं आगमन होतं."

"तुमचं तर तेही झालं नाही," बादू म्हणाले, आणि आत निघून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी मी रस्त्यांच्या कचेरीला पहिलं पत्र लिहिलं: ओफोसुक्रोम गावातील असह्य वाहतूक कोंडी लक्षात घेता गावाबाहेरून बायपास काढण्यात यावा. डॉर्कसला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"लिहा," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे गरम पाव ठेवून गेली.

मी तिची परवानगी मागितली नव्हती. तरी ती दिल्यासारखी दिली, हे मला जरा टोचलंच.

आता पावाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढे माझ्यावर अन्याय होईल. आमच्याकडे प्रवासाहून घरी येणाऱ्याने पाव आणायचा असतो. दारात पाय ठेवला की घरची माणसं आधी त्याच्या हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. आणि पाव कुठला? ओफोसुक्रोमचाच. कारण अक्रा आणि कुमासीच्या मधे सगळ्या गाड्या जिथे हमखास अडकतात, ते आमचं गाव. गाड्या अडकतात म्हणून बायका पाव विकतात आणि बायका पाव विकतात म्हणून गाड्या आणखी अडकतात. अशा ऐंशी बायका, डोक्यावर काचेच्या पेट्या आणि घमेली घेऊन. डॉर्कस त्यातली एक. आमच्या मागच्या अंगणात तिची मातीची भट्टी आहे, पुरुषभर उंचीची. घराचं छप्पर, दोन मुलींचं नर्सिंगचं शिक्षण आणि डॅटसनचं नवं इंजिन त्या भट्टीतून आलं, असं डॉर्कस कधी म्हणाली नाही. बादू म्हणतात.

कचेरीचं उत्तर आलं: 'आपल्या पत्राकडे लक्ष देण्यात येत आहे.' वर्षभर लक्ष देण्यात आलं. मी दुसरं पत्र लिहिलं, तेव्हा तेच उत्तर पुन्हा आलं. मग मी प्रत्यक्ष जिल्ह्याच्या गावी गेलो. जाताना दोन तास माझ्याच घरासमोर अडकलो. तिथला कारकून दात कोरत म्हणाला, "एकट्या माणसाला बायपास देता येत नाही. समिती आणा."

समिती केली. सात जणांच्या समितीत सहा जणांना अध्यक्ष व्हायचं होतं, म्हणून मी सचिव झालो, म्हणजे काम करणारा. पहिल्याच सभेत ओडुरो उभा राहून म्हणाला, "बायपासला माझा पाठिंबा आहे. फक्त तो माझ्या दुकानावरून न्यावा." त्याला टाळ्या पडल्या. मग शिंप्याने आपल्या दुकानावरून मागितला, पेट्रोलपंपवाल्याने पंपावरून. मी फळ्यावर आकृती काढली. हे गाव, हा जुना रस्ता, हा गावाला न शिवता जाणारा नवा रस्ता. सगळ्यांनी माना डोलावल्या. "समजलं," शिंपी म्हणाला. "फक्त माझ्या दुकानाशी जरा शिवू दे."

मग गावच्या नानांची, म्हणजे आमच्या राजाची परवानगी. दरबारात राजाशी थेट बोलायचं नसतं, सोन्याचा मुलामा दिलेली काठी धरून उभ्या असलेल्या प्रवक्त्याशी बोलायचं. रीतीप्रमाणे जिन दारूच्या दोन बाटल्या पुढे ठेवून मी अर्धा तास बोललो. दर तासाला किती गाड्या, रस्त्याची रुंदी, वळणांचे कोन, सगळं सांगितलं.

प्रवक्ता नानांकडे वळला. "टीचर म्हणतात, रस्ता अरुंद आहे."

नाना दोन शब्द पुटपुटले. प्रवक्ता पाव तास बोलला. त्यात नानांच्या आजोबांनी हत्तीला कसं हटवलं ते आलं, आणि शेवटी असं निघालं की नानांची परवानगी आहे, पण नवा रस्ता राजवाड्यासमोरून जावा.

"अहो, राजवाड्यासमोरून जाणारा रस्ता आत्ता आहे तोच आहे!" माझा तोल गेला.

प्रवक्ता पुन्हा वळला. "टीचर म्हणतात, नानांच्या दूरदृष्टीला तोड नाही."

परवानगी मिळाली. कशाला मिळाली ते मी विचारलं नाही.

कारकुनाला मग गावकऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. तेव्हा मी पाववाल्या बायकांकडे गेलो. माझ्यावर नंतर जे आरोप झाले त्यासाठी हे नीट लक्षात ठेवा. मी लपूनछपून काही केलं नाही. पाव विकणाऱ्यांच्या राणीलाही आमच्याकडे नानाच म्हणतात. ही नाना सेरवा, जिच्या शब्दाबाहेर बाजारात एकही घमेलं हलत नाही, तिच्या ओट्यावर बसून मी सगळा अर्ज तिला वाचून दाखवला. नाना सेरवा पोट धरधरून हसली.

"टीचर, माझ्या भट्टीसमोरचा तो खड्डा दिसतो का तुम्हाला? माझी थोरली पोटात होती तेव्हा पडला तो. आता तिची पोर शाळेत जाते. ज्या कचेरीला खड्डा बुजवता येत नाही ती रस्ता बांधणार? द्या इकडे, कुठे अंगठा लावू?"

ऐंशी बायकांनी हसत हसत अंगठे उठवले. डॉर्कसने तर सगळ्यांत वर पूर्ण सही केली, कारण ती टीचरची बायको. "तुमचं मन राहू दे," म्हणाली.

एकूण नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत माझ्या बाबतीत काय काय झालं ते सगळं सांगत नाही, फक्त मेंढीचं सांगतो. मोजणीवाले आले आणि त्यांची रेघ नेमकी देवाच्या झाडातून गेली. पुजारी म्हणाला, देव उठायला तयार आहे, पण पांढरी मेंढी लागेल. कचेरी म्हणाली, मेंढी गावाने आणावी. गाव म्हणालं, ज्याने पत्र लिहिलं त्याने आणावी. मी शेजारच्या बाजारातून मेंढी आणली, डॅटसनच्या मागच्या सीटवर बसवून. तीन तास आम्ही दोघं कोंडीत अडकलो. तिने मंजूर नकाशाची एकुलती एक प्रत खाल्ली आणि उरलेला वेळ माझ्या मानेवर श्वास सोडत बसली. बाजूच्या बसमधला एक माणूस खिडकीतून म्हणाला, "आजोबा, आजीबाईंना पुढे बसवा की." सगळी बस हसली. मी काच वर करायला गेलो. डॅटसनची काच वर जात नाही हे मला तेव्हा आठवलं.

आणि एके दिवशी खरंच यंत्रं आली. कोणाचा विश्वास बसेना. माझाही नाही. लाल मातीतून रस्ता पुढे सरकायला लागला, खडी पडली, डांबर पडलं. पाववाल्या बायका घमेली घेऊन बघायला जायच्या. सुरुवातीला हसत जायच्या, मग नुसत्याच जायला लागल्या. डॉर्कस एकदाच गेली. बराच वेळ उभी राहिली.

"छान काळा आहे," म्हणाली. मग पेटी डोक्यावर घेऊन घराकडे वळली.

उद्घाटनाला मंत्री आले. मला तिसऱ्या रांगेत बसवलं, कर्ण्याच्या मागे. पहिल्या रांगेत ओडुरो! मंत्र्यांनी कंत्राटदाराचे आभार मानले, नानांचे मानले, ज्या देवाला उठवलं त्याचेही मानले, आणि शेवटी "गावातल्या एका ज्येष्ठ नागरिकाने काही पत्रव्यवहार केला होता असं कळतं" असं म्हणाले. काही पत्रव्यवहार! दोनशे चौदा पत्रं, आणि म्हणे काही पत्रव्यवहार. रिबिनीचा तुकडासुद्धा मला मिळाला नाही.

असो. गाड्या बायपासने जायला लागल्या. पहिल्या शुक्रवारी मी फाटक उघडलं आणि डॅटसन बाहेर काढली. रस्ता मोकळा. मी चर्चपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पुन्हा गेलो. मग कुठे जायचं ते सुचेना, म्हणून घरी आलो. इतकी शांतता होती की बादू त्यांच्या घरात शिंकले तरी मला ऐकू येत होतं. मी आरामखुर्ची फाटकाशी आणून बसलो आणि मनात म्हटलं, थिओफिलस, हे तू केलंस.

दुपारी डॉर्कस परत आली. पेटी भरलेलीच होती.

त्या आठवड्यात आम्ही पाव खाल्ला. सकाळी पाव, दुपारी शेंगदाण्याच्या रश्शात पाव, संध्याकाळी कुटलेल्या कंदांच्या फुफूच्या जागी पाव. बादूंना दिला, चर्चला दिला. दुसऱ्या आठवड्यात बादूंच्या शेळ्यांनी पाव बघून तोंड फिरवलं. डॉर्कसने आधी निम्मं पीठ मळलं, मग पाव हिस्सा. तिसऱ्या मंगळवारी मी उठलो तर घरात कसला तरी वास नव्हता. कसला ते कळायला वेळ लागला. मागे जाऊन भट्टीला हात लावला. गार होती. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा ती भट्टी गार होती. डॉर्कस बाजूच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला भीती वाटली.

"आज नाही का लावायचे?" मी विचारलं.

"कोणासाठी?"

एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे मुद्दे होते.

ते मुद्दे मी दुपारी वापरले, कारण दुपारी नाना सेरवा बायकांना घेऊन अंगणात आली. तीसचाळीस जणी तरी होत्या. घमेली पालथी घातली आणि त्यांच्यावर बसल्या. मग मीच बोललो. देशाचा विकास, वाचलेलं इंधन, प्रत्येक फेरीत वाचलेल्या चाळीस मिनिटांचं राष्ट्रीय मूल्य. भूगोलाच्या तासाला पोरं जशी बघायची तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"झालं?" नाना सेरवाने शेवटी विचारलं. "टीचर, आता एक अर्ज लिहा. आमची कोंडी आम्हाला परत द्या म्हणावं."

"असा अर्ज जगात कोणी केलेला नाही!"

"बायपासचा तरी आधी आमच्या गावात कोणी केला होता? तुम्हाला जमतं ते. हवं तर आमचे अंगठे पुन्हा घ्या."

"तुम्हीच तर सह्या दिल्यात!" माझा आवाज चढला. "मी वाचून दाखवलं होतं! शब्द न् शब्द!"

"आम्हाला काय माहीत तुम्ही खरंच आणाल म्हणून?" नाना सेरवा म्हणाली. आणि यावर सगळ्या बायकांनी माना डोलावल्या, जणू फसवणूक मीच केली. डॉर्कसने सगळ्यांना पाणी दिलं. मला दिलं नाही.

अशात कुमासीहून माझ्या मामांचा निरोप आला. न्यार्को मामा नव्वदीचे, आमच्या घराण्याचे प्रमुख. आमच्यात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. चर्चमध्ये त्यांच्या नव्वदीचा आभाराचा सोहळा होता आणि अध्यक्ष म्हणून मला बोलावलं होतं. इतक्या दिवसांनी कोणीतरी मला माणसासारखं वागवत होतं. मी निघालो तेव्हा डॉर्कसने पावाची पिशवी पुढे केली. त्या सकाळी माझ्यासाठी म्हणून तिने थोडे लावले होते.

आता मला सांगा, न खपलेला पाव घेऊन मी जायचं? बायपासच्या सचिवाने? मामांच्या समोर ठेवायचं आणि म्हणायचं की बघा, माझ्या बायकोचा माल असा पडून आहे? "राहू दे," मी म्हटलं. "अध्यक्ष पिशव्या वागवत नाही." तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि दार लोटलं.

बसने बायपासवर चाळीस मिनिटं वाचवली. मी शेजाऱ्याला वळणांची त्रिज्या समजावून सांगितली. एका बाईने विचारलं, "इथे पाव मिळायचा ना हो?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मामांकडे पोचलो. रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं. मी प्यायलो. मग रीतीप्रमाणे मामांनी विचारलं, "इथे सगळं शांत आहे. तू काय खबर आणलीस?"

"खबर चांगली आहे, मामा. तुमच्या सोहळ्याला आलो."

मामांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग खुर्चीखाली. मग माझ्यामागे कोणी पिशवी घेऊन येतंय का ते.

"पाव?"

मामांच्या तोंडात एकही दात नाही. ओफोसुक्रोमचा गोड पाव चहात बुडवून खाणं एवढंच सुख त्यांना उरलंय, हे आख्ख्या घराण्याला माहीत आहे.

"नाही आणला, मामा."

"तू पावाच्या भट्टीला टेकून झोपतोस, आणि माझ्याकडे हात हलवत येतोस?" मामांचा आवाज नव्वदीचा राहिला नाही. "तीन आठवडे या गल्लीत कोणाच्या घरी पाव नाही! समोरचा जावई अक्र्याहून आला, सासूने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलंय. अजून तिथेच आहे, बघ. ड्रायव्हर म्हणतात रस्ता वळवला. कोणत्या गाढवाने वळवला?"

मी खोटं बोलत नाही. "मी, मामा."

मामा खुर्चीत पुढे सरकले.

"एकट्याने?"

"नऊ वर्षं लागली."

"नऊ वर्षांत तुला कोणी आवरलं नाही? डॉर्कस काय म्हणाली?"

"लिहा म्हणाली."

मामांनी डोळे मिटले. "बिचारी," ते म्हणाले. बिचारी कोण, तर ती! नऊ वर्षं कचेऱ्यांचे उंबरे मी झिजवले, मेंढी मी वागवली, आणि बिचारी ती. संताप संताप झाला माझा.

दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ सिल्व्हेस्टर अक्र्याहून आला. तो आयुष्यात कधी वेळेवर आला नाही, त्या दिवशीही तीन तास उशिरा आला, पण दोन्ही हातांत पावाच्या पिशव्या घेऊन. "सगळी बस ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेली," तो सांगत होता. "म्हणाली, बायपासने नेलंस तर भाडं देणार नाही. आत गावात घे." मामांनी चहा मागवला, पाव बुडवला, आणि तोंडात घास असतानाच जाहीर केलं की अध्यक्ष सिल्व्हेस्टर होईल. मी मामांकडे दहा दिवस राहिलो. आभाराच्या सोहळ्यात माझ्याकडे खुर्च्या मोजायचं काम होतं.

डॉर्कसला फोन केला की "सगळं ठीक" एवढंच म्हणायची, आणि घाईत असल्यासारखी ठेवून द्यायची.

परतीच्या बसमध्ये मी सूट घालून खिडकीशी बसलो. शेजारी एक जाडजूड बाई, मांडीवर टोपली. बायपासचा फाटा आला तशी बस हळू झाली.

"बाहेरून चाळीस मिनिटं वाचतात," ड्रायव्हर मान वळवून म्हणाला. "आत्ताच सांगतो, नंतर ओरडू नका."

"आत घे!" सगळी बस ओरडली.

"चाळीस मिनिटं वाचवून काय करू?" माझ्या शेजारची बाई उभीच राहिली. "माझी बहीण चाळीस वर्षं ऐकवेल मला! आत घे रे बाबा!" मग खाली बसत मला म्हणाली, "कोण्या टीचरने म्हणे हा रस्ता मागितला. त्याला कोणी घरात घेत असेल का हो?"

"कोण जाणे," मी म्हणालो.

"तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही सांगा, चूक की नाही?"

"तांत्रिकदृष्ट्या," मी सुरुवात केली, पण बस वळली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गावात शिरलो आणि थांबलो. पुढे नऊ बस, अकरा ट्रक, ट्रोट्रो मोजल्या नाहीत. नऊ वर्षं! दोनशे चौदा पत्रं! माझ्या डोक्यात रक्त चढलं. आणि मग दोन्ही बाजूंनी बायका धावत आल्या.

मी ही कोंडी जन्मभर फाटकाच्या आतून पाहिली होती. डॉर्कस पेटी घेऊन बाहेर जायची आणि रिकामी पेटी घेऊन आत यायची. मधे ती काय करते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आता ती आमच्या पुढच्या बसबरोबर धावत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, डोक्यावर पेटी, एका हाताने ती सावरतेय, दुसऱ्या हाताने खिडकीत पाव देतेय, मोड तोंडात धरलीय, बस पुढे सरकली की पुन्हा धावतेय. एक ड्रायव्हर तिच्यावर खेकसला. तिने त्याला काहीतरी ऐकवलं आणि तो हसला. मला एकदम गरम व्हायला लागलं. आधी वाटलं बस थांबल्यामुळे असेल. रागाची सवय असलेल्या माणसाला लाज पटकन ओळखू येत नाही.

मग ती आमच्या खिडकीशी आली आणि तिने मला पाहिलं.

एक क्षणभर थांबली. मला वाटलं आता ही नाव घेणार, आणि सगळी बस माझ्यावर तुटून पडणार.

"घ्या आजोबा," डॉर्कस म्हणाली. "आत्ताच भट्टीतून काढलाय."

मी पावाकडे बघत राहिलो.

"अहो, घ्या ना!" शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. "रिकाम्या हाताने जाणार घरी? बायको नाही का घरी?"

"आहे," मी म्हणालो.

"कशी आहे?" डॉर्कसने विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"चांगली आहे. फार चांगली आहे."

"मग मोठा घ्या," ती म्हणाली.

मी पैसे दिले. तिने मोड दिली, एक पैसा इकडेतिकडे नाही, आणि मागच्या बसकडे धावली. वीस पावलांवर माझं फाटक होतं. पण इथे उतरलो असतो तर त्या बाईला सगळं कळलं असतं. त्यामुळे मी मांडीवर पाव घेऊन, नजर समोर ठेवून, स्वतःच्या घरासमोरून दीड तासात पुढे गेलो. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि बायपासने चालत परत आलो. सुंदर रस्ता आहे हो! एक खड्डा नाही, एक गाडी नाही. ओडुरोने त्याच्यावर मका वाळत घातला होता. मी मुद्दाम त्यावरून चाललो.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. डॉर्कस ओट्यावर सुजलेले पाय पाण्यात सोडून बसली होती. मागून भट्टीचा वास येत होता. मी फाटकातून आत गेलो नाही, बाहेरच उभा राहिलो.

"प्रवासाहून आलोय," मी म्हणालो, आणि पाव पुढे केला.

ती उठली, ओल्या पायांनी फाटकापर्यंत आली. पाव हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला, पाहुण्याने आणलेला दाबून बघतात तसा. मग फाटकाची कडी काढली.

"या आत," म्हणाली.